दोन झाकणांची पेटी

९ जानेवारी

रंध्या,

आशीर्वाद आहेतच, तू मागितले नाहीस तरी. अकरा वर्षांत तुझी चार पत्रं आली आणि चारही पत्रांत हवामान होतं, म्हणून या वेळी मीच कामाचं लिहिते. फोन करणार होते. पण फोनवर तू नुसता हं हं करतोस, मग मी चिडते, मग दोघंही ठेवून देतो. कागदावर निदान माझं बोलणं पूर्ण होतं.

मला एक पेटी करून हवी आहे. रोपं वाढवायची, वर काचेचं झाकण असलेली. थंडी सरायच्या आधीच तिच्यात बी पेरता येतं, दिवसाच्या उन्हाने आत ऊब धरते आणि बाहेर दव गोठलं तरी आतलं रोप जगतं. तुला हे सांगायला नको. पण जमिनीवरची नको. टेबलासारखी, पायांवर उभी हवी. ह्यांना वाकवत नाही.

सप्टेंबरात ह्यांना एक झटका येऊन गेला. घाबरण्यासारखं काही नाही. उजव्या बाजूला थोडा अशक्तपणा आहे, काठी घेऊन फिरतात, बोलणं जरा सावकाश झालंय. डोकं जागच्या जागी आहे आणि खोड्याही. पण लेकीच्या डोक्यात सेवागृह शिरलंय, आजारी म्हाताऱ्यांना ठेवून घेतात ते. तिथे मे महिन्यात एक खोली रिकामी होते आहे. अठरा एप्रिलला तिथली बाई घरी येऊन बघणार, की हा माणूस स्वतःहून काही करतो का नुसता भिंतीकडे तोंड करून बसतो. बसून असला तर घेऊन जाणार. लेकीचंही चुकत नाही, ती माझ्याकडे बघून म्हणते. पण मला ह्यांना घरात ठेवायचंय. बेचाळीस वर्षांच्या संसारानंतर मी कुणाच्या नावाने कुरकुरायचं?

एकतीस वर्षं रोपवाटिकेचा मुकादम होता हा माणूस. त्याच्यासमोर रोपं ठेवली तर तो बसून राहणार नाही, एवढं मला कळतं. तुमच्या दोघांत जे झालं ते मी विसरलेले नाही. तू ते तीन महिने बाजूला ठेव.

अक्का


१९ जानेवारी

अक्का,

नमस्कार. भावोजींचं वाचून वाईट वाटलं. तब्येतीला जप म्हणावं.

पेटी होईल. मी अजून रोज दुकान उघडतो. पण बाजूला ठेव म्हणालीस म्हणून लगेच ठेवता येईल असं ते नाही. रोपवाटिकेसाठी मी चाळीस बाकं केली होती. तुझ्या यजमानांनी सगळ्या माळ्यांना गोळा करून एकेक बाक हाताने हलवलं आणि नऊ बाजूला काढली. वर म्हणाले, मेहुणा म्हणून मी खपवून घेणार नाही. तिथली फरशी उंचसखल होती, अक्का. बाकं हलत नव्हती, फरशी हलवत होती. मी चाळीसच्या चाळीस ट्रकात घालून परत आणली आणि त्यानंतर गावातल्या तीन जणांनी मला दिलेली कामं काढून घेतली. आता ही म्हणते, जा ना एकदाचे, म्हातारे झालात दोघंही. मी म्हटलं, म्हातारा झालो म्हणून माझी बाकं हलायला लागली नाहीत.

माझं म्हणणं एवढंच. भावोजींनी त्यांच्या हाताने दोन ओळी लिहाव्यात. माफी नको. 'ये आणि पेटी बसवून दे' एवढंच लिहिलं तरी पुरे. मी स्वतः येऊन उभी करीन. नाही लिहिलं तरी पेटी मिळेल, पण सुट्या भागांत, आणि तुम्ही तिथे कुणाकडून तरी जोडून घ्यायची.

मापं पाठव. बसून काम करणार की उभ्याने? हात किती लांब पोचतो? ऊन कुठल्या बाजूने येतं? मागे भिंत आहे का?

रंध्या


२८ जानेवारी

रंध्या,

नाकावर माशी बसू न देण्याचा गुण आपल्या बाबांचा, तो तुझ्याकडे गेला आणि त्यांचं हसणं कुणाकडेच आलं नाही.

मापं घे. बसून काम करतील. खाली गुडघे जायला सत्तावीस इंच मोकळी जागा हवी, मध्ये आडवी पट्टी नको. खुर्चीला चाकं आहेत, लेकीने ऑफिसातली जुनी आणून दिली, सरकायला बरी पडते. हात वीस इंचांपुढे पोचत नाही. लांबी पाच फुटांपर्यंत चालेल, अंगणात तेवढीच जागा आहे. मागे स्वयंपाकघराची भिंत, ऊन सकाळी नऊपासून चारपर्यंत समोरून.

दोन ओळींचं म्हणशील, तर चष्म्याचा नंबर बदललाय आणि नवा अजून झालेला नाही. लिहायचा कंटाळा करतात. तोंडी निरोप दिलाय तो तसाच लिहिते: 'त्याला म्हणावं, जे करशील ते नीट कर.' आता यात तुला टोमणा दिसला तर तो तुझा प्रश्न. मला यात ह्यांची माया दिसते.

पेटी फेब्रुवारीअखेर मिळाली तर टोमॅटो आणि मिरची वेळेत होतील. अठरा एप्रिलला ती बाई आली की पेटी रोपांनी गच्च भरलेली दिसली पाहिजे. मी रोज तेवढाच विचार करते.

अक्का


१६ फेब्रुवारी

अक्का,

पेटी निघाली. मालवाहू गाडीने आठवड्याभरात पोचेल. प्रत्येक तुकड्यावर खडूने आकडा घातलाय, एकला एक जोडायचा, दोनला दोन. ज्याला बेरीज येत नाही त्यालाही जमेल.

मागची भिंत सोळा इंच, पुढची दहा. त्यामुळे झाकणाला उतार येतो, पाणी ओघळून जातं आणि ऊन थेट आत पडतं. तळाच्या फळ्यांमध्ये पाव इंचाच्या फटी मुद्दाम आहेत, पाणी निचरायला. त्या कुणी बुजवू नये. झाकणं दोन, मध्ये खांब, म्हणजे एका बाजूला कोवळी रोपं झाकून ठेवून दुसऱ्या बाजूला वारं देता येईल. बिजागऱ्या मागे. प्रत्येक झाकणाला एक टेकू दिलाय, तीन खाचांची पट्टी. वरच्या खाचेत झाकण थोडं उघडतं, ती थंडीच्या दिवसाला; खालच्या खाचेत जास्त, ती उन्हाच्या.

काचेबद्दल. ही म्हणत होती, पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा घाला, हलका पडतो, तुटत नाही. मी ऐकलं नाही. प्लास्टिक बघून भावोजींनी तोंड वाकडं केलं असतं. एक कपड्यांचं दुकान बंद पडलं, त्यांच्या शोकेसची जाड काच मिळाली. लाकूडही जुनं, मुरलेलं घेतलंय. एकेक झाकण वीस किलोच्या आसपास भरतं, तेव्हा दोन्ही हातांनी उचलायचं. वाऱ्याने हलणार नाही आणि कुणी कितीही हलवून बघितलं तरी कुरकुरणार नाही. हवं तर माळ्यांना गोळा करा.

चष्मा झाला का?

रंध्या


४ मार्च

रंध्या,

पेटी उभी राहिली. गाडीवरून उतरवायला चार माणसं लागली आणि त्यातलं एक तुझ्या नावाने काय काय बोललं ते मी लिहीत नाही. शेजारचे निवृत्त बसड्रायव्हर आहेत, त्यांनी दोन दिवसांत जोडली. आकडे बघून म्हणाले, हा माणूस शाळेत मास्तर व्हायचा, चुकून सुतार झाला.

हे तासभर तिच्यावरून हात फिरवत होते. कडेला, कोपऱ्यांना, काचेला. मग खुर्ची मागे घेऊन लांबून बघितलं आणि परत जवळ आले. तुला ऐकायचंच असेल तर ऐक. म्हणाले, 'जोड बसलेत.'

काल माती भरली. अर्धी बागेतली, अर्धी कुजलेल्या पानांची, चाळून घेतलेली. ओळी ह्यांनीच आखल्या, पट्टी न लावता, आणि तरी सरळ आल्या. डावीकडे टोमॅटो आणि मिरची, उजवीकडे कोबी. पेरून झाल्यावर झाकणं लावली तर काचेवर आतून लगेच वाफ धरली. सहा महिन्यांत मी ह्यांना इतकं जागं बघितलं नव्हतं. मी आत जाऊन रडले, ते कुणाला सांगू नकोस.

लेकीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, बघू आई, अठराला बघू.

अक्का


१३ मार्च

अक्का,

'जोड बसलेत.' हे मी दुकानात उभं राहून दोनदा मोठ्याने वाचलं. हिने आतून विचारलं, कोण आलंय?

आता नीट ऐक. उन्हाच्या दिवशी बंद पेटी तापते, बाहेर थंडी असली तरी. दहा वाजता पहिल्या खाचेवर उघडायची, बारा वाजता दुसऱ्या, चार वाजता बंद. एक दिवस विसरलात तर रोपं शिजतील. संध्याकाळी उघडी राहिली तर गोठतील. झाकणाचं वेळापत्रक सांभाळणारं माणूस घरात हवं, एवढीच या पेटीची भानगड आहे.

मे महिन्यात यावं असा विचार आहे. त्यांनी बोलावलं तर.

रंध्या


२७ मार्च

रंध्या,

सगळी उगवली. कोबी सहाव्या दिवशी, टोमॅटो नवव्या, आणि मिरचीने सोळा दिवस आमचा जीव टांगणीला लावला. आता टोमॅटोला खरी पानं आली आहेत. काचेवर नाक लावून बघितलं तर वास येतो.

वेळापत्रक पाळतोय. दहाला मी झाकण वर धरते आणि हे डाव्या हाताने टेकू लावतात. पहिल्या दिवशी तीनदा निसटला, आता एका फटक्यात खाचेत बसवतात. मग खुर्ची टेबलाखाली घेऊन डाव्या कप्प्यात विरळणी करतात. दाट आलेल्यांतलं कुठलं ठेवायचं आणि कुठलं उपटायचं हे त्यांना अजून एका नजरेत कळतं. उजवा हात मी पेटीच्या कडेवर उशी ठेवून ठेवते. व्यायाम शिकवायला बाई येते, तिने सांगितलंय, हात लोंबता ठेवायचा नाही, खांदा उतरतो.

अठराची तयारी पण करते आहे. सेवागृहाची बाई आली की हे झाकण उचलताना मी मागे उभी राहून जरासा हात लावीन, तिला कळणारही नाही. तिच्यासमोर टेकू लावला, चार रोपं उपटली, पाणी घातलं की झालं. आणखी काय करून दाखवायचं माणसाने घरात राहण्यासाठी?

ड्रायव्हरसाहेब रोज येऊन बघून जातात. त्यांना दोन टोमॅटोची रोपं कबूल केली आहेत. तुझ्यासाठी मिरची ठेवू?

अक्का


४ एप्रिल

अक्का,

घाईत लिहितो. एक काम राहून गेलं होतं. दोन साखळ्या पाठवतोय, वेगळ्या पाकिटात, स्क्रूसकट. एक टोक झाकणाच्या आतल्या कडेला, दुसरं मागच्या भिंतीत वर ठोकलेल्या आकड्याला, पेटी बंद करताना ते काढायचं. टेकू निसटला तरी झाकण चार बोटं वर लोंबून राहील, खाली आदळणार नाही. ड्रायव्हरसाहेबांकडून आल्याबरोबर लावून घे.

तोपर्यंत झाकण उघडलं की मूठ दोरीने मागच्या भिंतीतल्या खिळ्याला बांधत जा. खिळा नसला तर ठोकून घे. एप्रिलच्या वाऱ्याचं काही खरं नसतं, आणि काच जड आहे. वाऱ्यासाठीच म्हणतोय, दुसरं काही कारण नाही.

मिरची ठेव.

रंध्या


१४ एप्रिल

रंध्या,

तुझं पत्र आणि साखळ्या नऊ तारखेला आल्या. सातला झाकण पडलं होतं.

मी तुझ्याशी खोटं बोलले, ते आधी लिहिते, म्हणजे पुढचं कळेल. ह्यांना काठी नाही. ती खुर्ची ऑफिसातली नाही, चाकांची आहे, पेशंटची. सप्टेंबरपासून हे एक शब्द बोललेले नाहीत. उजवा हात मेलेला आहे, टाचणी टोचली तरी कळत नाही. आणि उजव्या बाजूचं जग ह्यांच्या लेखी उरलेलंच नाही. ताटातलं उजवीकडचं तसंच राहतं, उजवीकडून हाक मारली तर डावीकडे बघतात. 'जे करशील ते नीट कर' हे मी लिहिलं. 'जोड बसलेत' हेही मीच. हात फिरवला तो खरा. ह्यांनी तुझी नऊ बाकं परत केली, आणि आता ह्यांना घास भरवावा लागतो, हे तुला कळू द्यायचं नव्हतं. तू दुकानात उभा राहून मनात काय म्हणशील, त्याची मला लाज वाटत होती.

सात तारखेला ऊन चांगलं होतं आणि वारा बोचरा. दोन्ही झाकणं उघडली, टेकू लावले, हात उशीवर ठेवला. ह्यांच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या संपल्या होत्या म्हणून औषधाच्या दुकानात गेले. तिथे रांग होती. पाऊण तासाने परत आले तर हे डाव्या कप्प्यात विरळणी करत होते. मला बघून हसले आणि उपटलेलं रोप वर धरून दाखवलं. मीही हसले. उजवं झाकण बंद दिसलं. मला वाटलं, वाऱ्याने लागलं असेल, कोबीला काही होत नाही. आत गेले आणि चहा टाकला. रंध्या, मी चहा उकळेपर्यंत तिथे ओट्याशी उभी होते आणि मनात म्हणत होते की आता त्या बाईला येऊ दे.

चहा घेऊन डावीकडूनच जाते मी, उजवीकडून गेलं तर हे दचकतात. कप ठेवला तेव्हा उशी जमिनीवर दिसली. मग हात दिसला. झाकणाची कड कोपराच्या खाली बसली होती आणि पुढचा हात आत, कोबीवर, काळानिळा. हे माझ्याकडे बघून हसतच होते. त्यांना माहीतच नव्हतं. कदाचित तासभर तो हात तसा होता. तुझी काच नुसती तडकलीसुद्धा नाही.

ड्रायव्हरसाहेबांनी झाकण उचललं. दोन्ही हाडं मोडली होती. गोळ्यांमुळे आतल्या आत रक्त साचत गेलं, दोनदा कापून काढावं लागलं. हात राहिला, पण त्या आजारपणात छातीत कफ भरला. आता ताप उतरलाय. डॉक्टर म्हणतात, जगतील. लेकीने दवाखान्यातच सेवागृहाच्या कागदावर सही केली. आता अठराची वाट बघायची गरज नाही. सेवागृहातली खोली आधीच रिकामी झाली, दवाखान्यातून ह्यांना थेट तिकडे नेणार. घरी आणणार नाहीत. मी एकदा घरी आणा म्हटलं, निदान दोन दिवस, तर ती म्हणाली, आई, कुठल्या तोंडाने मागतेस?

तिचं खरं आहे. तुला सगळं सांगितलं असतं तर तू असं झाकण दिलंच नसतंस. साखळी, दोरी, प्लास्टिक, काहीतरी केलं असतंस. मी तुझ्यापासून झाकायला गेले आणि ह्यांचं घर घालवलं.

अक्का


२१ एप्रिल

अक्का,

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. चार दिवस मी दुकान उघडलं नाही. हिला वाटतं, मी भावोजींसाठी रडतोय. हिला पुढचं माहीत नाही. तुलाच सांगतो आधी.

तू मला फसवलं नाहीस. भाचीने ऑक्टोबरातच फोन केला होता. सगळं सांगितलं होतं. बोलणं गेलं, हात गेला, उजवीकडचं दिसत नाही, चाकाची खुर्ची आली. म्हणाली, मामा, आईला कळू देऊ नका मी सांगितलं ते, तिला तुमच्यासमोर कमीपणा नको वाटतो. मी म्हटलं, बरं. मग मी वाट बघत बसलो, की माझी बहीण मला कधी सांगते. तीन महिन्यांनी तुझं पत्र आलं आणि त्यात काठी होती.

मला राग आला, अक्का. नऊ बाकांचा राग होताच, त्यात हा. अकरा वर्षांनी काम सांगतेस आणि तेही मला परका धरून. मी दोन ओळी मागितल्या तेव्हा मला ठाऊक होतं की तो हात पेन धरू शकत नाही. त्यासाठीच मागितल्या. तुला अडचणीत धरायचं होतं. तू म्हणावंस, रंध्या, त्यांचा हात गेलाय रे, तूच ये. एवढं तुझ्या तोंडून निघालं असतं तर मी त्याच दिवशी निघालो असतो. पण मी काय केलं, तर पुढच्या पत्रात टोचून विचारलं, चष्मा झाला का.

'जोड बसलेत' हे खोटं आहे हे मला वाचतानाच माहीत होतं. तरी दोनदा वाचलं. तेवढं मात्र खरं लिहिलं होतं.

साखळीचं. ती राहून गेली नव्हती. पेटी करतानाच मी साखळ्या लावल्या होत्या, एका हाताचा माणूस डोळ्यांसमोर ठेवूनच. मग बघत बसलो आणि वाटलं, साखळी दिसली की अक्काला कळणार की मला सगळं माहीत आहे. मग ती कशाला सांगेल? म्हणून काढल्या. दोन्ही झाकणांच्या आतल्या कडेला दोन दोन भोकं होती, ती लाकडाचा भुसा आणि सरस घालून बुजवली, वरून घासली. प्लास्टिकही हिने सांगितलं होतं, तेही मी हसण्यावारी नेलं. तुझ्या पत्रात डाव्या हाताने टेकू लावतात हे वाचलं तेव्हा हातातलं काम खाली ठेवलं. फोन हातात घेतला होता. पण फोनवर तू विचारलं असतंस, का रे, अचानक साखळी का? तर काय सांगणार होतो? म्हणून पत्र टाकलं. पाच दिवसांचं पत्र. वाऱ्यासाठी म्हणून.

तू लिहितेस, सगळं सांगितलं असतं तर तू असं झाकण दिलं नसतंस. मला सगळं माहीत होतं आणि मी असंच झाकण दिलं. आता तू ते ओझं स्वतःवर घेऊ नकोस. मला तिकडे येऊ दे. तुला भेटायचं तोंड नाही, पण भावोजींसमोर एकदा उभं राहायचंय.

रंध्या


२९ एप्रिल

रंध्या,

पत्र मिळालं. अंगणात जाऊन झाकणं वर करून आतून बघितली. भोकं दिसली, चारही. बुजवलीस छान, बोटाला लागत नाहीत.

टोमॅटो आणि मिरची ड्रायव्हरसाहेबांनी नेली. कोबी मी उपटून टाकली. पेटी तशीच उभी आहे, तिच्याकडे खिडकीतून बघणं होतं ते टाळता येत नाही. तू म्हणतोस तुझी चूक, मी म्हणते माझी. लेकीचं तर दोघांवरही बोट आहे, आणि तिने तुला सांगितलं होतं हे ती माझ्यापाशी अजून कबूल करत नाही. यावर पत्रं लिहीत बसायची माझ्यात ताकद उरलेली नाही. तुझ्यावर मी इतकी चिडले आहे की तुझं अक्षर बघितलं तरी पत्र पालथं घालून ठेवते. आणि तरी दिवसभर कुणाशी बोलावंसं वाटतं तर ते तुझ्याशीच. हेही तुला सांगून टाकते, आता लपवायचं काही ठेवायचं नाही.

ह्यांना गुरुवारी सेवागृहात नेलं. खोली स्वच्छ आहे. वागवतात नीट. पहिले दोन दिवस दाराकडे बघत होते, असं तिथली मुलगी सांगते. काल मी गेले तेव्हा बघत नव्हते. डावा हात चादरीवरून फिरवत असतात, चिमटीत धागा धरून ओढतात आणि बाजूला ठेवतात. तिथल्या मुलीला वाटतं, अस्वस्थपणा आहे. ती विरळणी आहे हे मी तिला सांगितलं नाही.

भेटायला आठवड्यातून दोनच दिवस, मंगळवार आणि शुक्रवार, चार ते पाच. एका वेळी एकाच माणसाला सोडतात. मंगळवार मी घेतलाय. लेकीला शुक्रवारी सुटी मिळत नाही, म्हणजे त्या दिवशी कुणीच जाणार नाही आणि हे तासभर तयार होऊन बसून राहतील. तुझं तोंड बघायची माझी अजून तयारी नाही. घरी येऊ नकोस, स्टेशनवरून थेट तिकडे जा. शुक्रवार तू घे.

आत गेलास की डाव्या बाजूने जा. उजवीकडे कितीही वेळ उभा राहिलास तरी त्यांना तू दिसणार नाहीस.

अक्का